धाकलीचं लोखंड

थोरली पिंपळझरीच्या फलाटाला लागली, की इंदूताई हातातलं काम टाकून निघायची. दोन्ही हातांत दोन कॅन, कॅनमध्ये तेल. काळं नव्हे; तांबूस, गढूळ, तळ्याकाठच्या गाळासारखं.

"घे वं माय," ती शर्वरीच्या पुढ्यात कॅन टेकवायची. "किती गंज निघून रायला धाकलीचा! एवढं किटण तर माझ्या सासूच्या मनातबी नव्हतं."

शर्वरी हसायची. हसणं तिला जमत होतं, हेच तिला रोज नवं वाटायचं. मग पदराआडून एक पुडी निघायची. कधी कोहळ्याचे सांडगे, कधी लाखोळीच्या डाळीचे वडे. "एकटी राहतेस, काय खातेस देव जाणे," असं म्हणत इंदूताई ती पुडी तिच्या पिशवीत कोंबायची आणि थोरलीच्या नाकावर थाप मारून म्हणायची, "जा गं बाई, तुझी बहीण बरी होते आहे."

थोरली भोंगा देऊन निघायची. तिच्या मागच्या खणात ते दोन कॅन डुचमळत असायचे. ते किटण नव्हतं. ते धाकलीचं लोखंड होतं.

सावरटोला ते पिंपळझरी हा अरुंद रुळांचा रस्ता. भातखाचरांच्या बांधावरून जातो, तळ्यांना वळसे घालतो, मग सागाच्या सावलीत शिरतो. त्यावर एके काळी दोन रेलकार आल्या. बस उचलून रुळांवर ठेवावी तशा दिसायच्या. एकच डबा, त्याच्याच नाकात डिझेल इंजिन. ओढायला वेगळं कोणी नको. एकाच कारखान्यात, एकाच भट्टीच्या रसातून दोघींची इंजिनं ओतली गेली होती. लोकांनी एकीला थोरली म्हटलं, दुसरीला धाकली. पुढे मोठ्या गाड्या आल्या, रस्ते आले, विजेच्या बसेस आल्या; हा रस्ता मागे पडला आणि मागे पडला म्हणूनच वारसा ठरला. थोरली सावरटोल्याला राहिली. करंजीच्या तेलावर धावते, पाहुणे आणते. धाकली पिंपळझरीच्या शेडमध्ये राहिली. ती धावत नाही. पण जिवंत आहे.

जिवंत ठेवली ती गावातल्या बायांनी; त्यांत पुढे इंदूताई, तिचं घर शेडला लागूनच. पूर्वी पिंपळझरीची लेक सासरी जायची ती धाकलीत बसून. धाकलीचं धावणं थांबलं, पण बसणं थांबलं नाही. लग्न लागलं की नवरीला आधी धाकलीत बसवतात, समोर थोरली येऊन उभी राहते, नाकाला नाक. थोरली भोंगा देते, धाकली इंजिन सुरू करून उत्तर देते. मग नवरी उतरून थोरलीत चढते आणि जाते. बाया फेर धरतात:

*एका भट्टीच्या गं, दोघी लेकी*
*एक रुळावर नाचे, एक सावली राखी*

थोरलीचं इंजिन झिजलं तेव्हा शर्वरी कापगते हिला सगळ्यांत आधी कळलं, कारण ती त्या रस्त्याची अभियंता होती. सिलिंडरच्या भिंती पातळ झाल्या होत्या. नव्या भिंती बसवणं अवघड नव्हतं. पण वारसा मंडळाचा नियम कडक: इंजिनात मूळ धातू नसेल, तर ती गाडी वारसा नव्हे, नक्कल. नक्कल गाडीला परवाना नाही. परवाना नाही तर हंगाम नाही. आणि पुढच्या हंगामाआधी गाडी धावली नाही तर रूळ उचलायचे.

उपाय तळ्याच्या गाळात सापडला. त्या गाळात काही जिवाणू राहतात, जे पाण्यातलं लोखंड पिऊन पोटात त्याचे बारीक कण घडवतात. त्या कणांच्या ओढीने त्यांना वर-खाली कळतं, उत्तर-दक्षिण कळते. प्रयोगशाळेत त्यांच्यात थोडा फेरफार करून त्यांना तेलात जगायला शिकवलं गेलं. आता ते दोन कामं करत. एक अर्क घातला की त्यांना भूक लागे; मग ते धातूवरून लोखंड खरवडून पोटात घेत. दुसरा अर्क घातला आणि इंजिन तापवलं, की ते जिथे घर्षण जास्त, जिथे भेग, जिथे खड्डा, तिथे जाऊन पोटातलं लोखंड थरावर थर मांडत. माणसाचं हाड भरून यावं, तशी झिजलेली भिंत भरून येई. कामगार त्याला जिवंत तेल म्हणत.

एकच अडचण. परक्या ओतकामाचं लोखंड दिलं, तर मांडलेला थर खपलीसारखा सुटून येई. प्रत्येक भट्टीच्या रसात गंधक, फॉस्फरस आपापल्या प्रमाणात असतात; जिवाणू मांडताना तोच मेळ शोधतात. थोरलीला त्याच भट्टीचं लोखंड हवं होतं. ते साऱ्या जगात एकाच ठिकाणी होतं.

आणि ते मागायचं कसं? सावरटोल्याने धाकलीकडून आधीच पुष्कळ नेलं होतं. थोरलीचा दिवा फुटला तेव्हा धाकलीचा दिवा नेला, थोड्या दिवसांसाठी. मग मागची बाकं, मग ब्रेकचे भाग, मग खिडक्यांच्या काही काचा. जुन्या गाड्या सांभाळणारे सगळेच असं करतात; एक उभी ठेवायची आणि दुसरी चालवायची. परत काहीच आलं नाही. शेवटी पिंपळझरीने बैठक घेतली आणि सांगून टाकलं: धाकलीचा खिळासुद्धा आता शेडबाहेर जाणार नाही.

म्हणून शर्वरीने मागितलं नाही. ती तेलाचे डबे, एक छोटा पंप घेऊन इंदूताईकडे गेली आणि म्हणाली, "धाकलीच्या इंजिनाला गंज चढलाय. हे तेल फिरवत ठेवा, गंज ओढून घेईल. भरलेलं तेल मी घेऊन जाईन."

"फुकट?" इंदूताईने विचारलं.

"फुकट."

"मंग चहा तरी घे. फुकट काम करून घेतलं की मले रात्री झोप नाही येत."

तिथून ते सुरू झालं. पंप धाकलीच्या पोटात फिरत राहिला. इंदूताई तेल काढत राहिली, कॅन भरत राहिली. थोरली रोज स्वतः यायची, बहिणीचं लोखंड पाठीवर घेऊन जायची. शर्वरी मनाशी म्हणायची, परवाना मिळू दे, मग काहीतरी करू. काय करू, ते ती ठरवत नव्हती. पुडीतले सांडगे तळून खाताना ती खिडकीबाहेर पाहायची.

परवाना मिळाला. तपासणीला आलेल्या माणसाने थोरलीच्या भिंतींवर आवाजाच्या लहरी सोडल्या, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि म्हणाला, "मूळ धातू. पक्का. कमालच आहे, ही तर नव्यासारखी झाली."

सावरटोल्यात पेढे वाटले गेले. फक्त थोरलीचे चालक हत्तीमारेकाका पेढा हातात धरून उभे राहिले.

"काका, खा ना."

"खातो. पण मॅडम, हिचा आवाज बदललाय. मी हिला इतकी वर्षं चालवतो. चढणीला ही कण्हायची, मग मी म्हणायचो, चल माय, चल. आता कण्हतच नाही. जशी कोणी मागून ढकलते."

"चांगलंच आहे की."

"चांगलं आहे," काका म्हणाले. "पण मले मागं वळून पाहावंसं वाटते, बाप्पा."

त्याच आठवड्यात इंदूताईने कॅनसोबत पत्रिका दिली. मंजिरीचं लग्न ठरलं होतं. मंजिरी म्हणजे इंदूताईची एकुलती लेक. परिचारिकेचं शिकून आलेली, बोलण्यात आईच्या वरचढ.

"आता धाकली बरी झाली आहे ना?" इंदूताईने विचारलं. "माझ्या लग्नात लय खोकली होती. सासूनं ते मरेपर्यंत ऐकवलं मले. म्हणे, गाडीलेच पसंत नव्हती. माझ्या पोट्टीच्या वेळेस तसं नको."

शर्वरी काहीतरी बोलली. परतीच्या वाटेवर थोरली वेगात, मोकळ्या घशाने धावत होती आणि तिचा प्रत्येक ठोका शर्वरीच्या छातीत पडत होता. धाकलीच्या भिंती आता किती पातळ होत्या, ते तिला माहीत होतं. इंजिन सुरू केलं, की स्फोटाचा दाब त्या भिंती पेलणार नव्हत्या. आणि त्या नाकाच्या मागेच, पहिल्या बाकावर, नवरी बसणार होती.

शर्वरीला एक सोपी वाट सुचली. धाकली सुरूच होणार नाही असं करायचं. बॅटरीची तार काढायची, आतून तोडायची, म्हणायचं जुनी वायर, काय करणार. कोणाला इजा नाही. कोणाला काही कळणार नाही.

एका दुपारी ती एकटीच पिंपळझरीला गेली. शेडमध्ये ऊन पत्र्याच्या भोकांतून खाली येऊन धाकलीच्या अंगावर सांडलं होतं. बायांनी तिला नवा रंग दिला होता, खिडक्यांना आंब्याच्या पानांची माळ बांधून पाहिली होती, ती अर्धी सुटून लोंबत होती. शर्वरीने झाकण उघडलं, तारेवर हात ठेवला.

"मावशी, ते कायले सोडून रायल्या?"

मंजिरी बादली घेऊन दारात उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली, हाताला साबण.

"पाहत होते. सगळं नीट आहे का ते."

"नीट पाहा बरं," मंजिरी डब्यात चढली आणि काच पुसू लागली. "आईचं ठीक, ती खोकल्यावर भागवून गेली. माझ्या नवऱ्याकडचे लोक मोठे खवचट आहेत. ही बोललीच नाही, तर म्हणतील पोट्टीतच खोट आहे. मी काही ऐकून घेणारी नाही, मंग पहिल्याच दिवशी भांडण." ती हसली. "तसं भांडायचं आहेच, पण थोडं थांबून."

शर्वरीचा हात तारेवर होता. तार थंड होती. ती तोडली, तर इंजिन वाचेल, नवरी वाचेल आणि खोट मंजिरीत ठरेल. आपण चोरलेल्या लोखंडाचा डाग या पोरीच्या कपाळी. शर्वरीने हात काढून घेतला.

"मंजिरी, तुझ्या आईला बोलाव."

"ती पापड लाटून रायली."

"लाटणं घेऊन आली तरी चालेल. बोलाव."

इंदूताई आली. हाताला पीठ, कपाळाला पीठ. शर्वरीने तिला बाकावर बसवलं नाही, स्वतःही बसली नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. जिवाणू, दोन अर्क, थोरलीच्या भिंती, धाकलीच्या भिंती. समजायला सोपं जावं म्हणून ती काही ठिकाणी थांबत होती आणि थांबल्यावर पुढचा शब्द उचलायला तिला जोर लागत होता.

इंदूताई ऐकत राहिली. मग हातावरचं पीठ हळूहळू चोळून काढत म्हणाली, "म्हणजे मी भरून दिले ते कॅन..."

"हो."

"माझ्या हातानं."

"हो, ताई."

"अन् वरून सांडगे देत होती तुले."

मंजिरी खिडकीपाशी तशीच उभी होती. हातातल्या फडक्यातून पाणी टपकत होतं.

"कायले केलंस असं?"

"थोरली बंद पडली असती. रूळ उचलले असते."

"ते नाही विचारत. मले विचारलं काऊन नाही?"

"तुम्ही नाही म्हणाला असता. गावाने ठरवलं होतं..."

"गावानं म्हणजे कोणी? मीच उभी राहून बोलली होती त्या बैठकीत. मीच नाही म्हटलं होतं." इंदूताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "थोरली थांबली तर धाकलीले पाहाले इथं कोण येते, एवढं कळत नाही का मले? तू दारात येऊन बसली असतीस अन् म्हटलं असतंस, इंदूताई, बहिणीसाठी बहिणीचं लोखंड पाहिजे, तर मी रडली असती. दोन दिवस जेवली नसती. अन् दिलं असतं. म्हटलं असतं, माझ्या पोट्टीचं लग्न होऊ दे, मंग ने."

शर्वरीला वाटलं, एखादी शिवी आली असती तर झेलता आली असती.

"दिवा नेणारे तुझ्यापेक्षा बरे," इंदूताई म्हणाली. "त्यांनी मागून नेलं अन् परत नाही दिलं. तू तर मागितलंबी नाही. मी 'हाव' म्हटलं असतं, तो माझा होकार तू चोरून घेतला."

ती निघाली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"आता नाही देत मी. सगळं परत आण."

जे मांडलं होतं ते उचलता येत होतं. जिवाणू आपणच रचलेला थर ओळखत. भूक लावली की आधी तोच खात. शर्वरीने अर्कांची अदलाबदल केली. भुकेचा अर्क थोरलीला, मांडणीचा धाकलीला. हत्तीमारेकाकांना तिने स्वतः सांगितलं, मंडळालाही स्वतः कळवलं. परवाना तिथल्या तिथे थांबवला गेला. तेलाची ने-आण तेवढी, पाहुण्यांविना, करू दिली. सावरटोल्याचे लोक तिच्याशी कामापुरतं बोलू लागले, मग कामापुरतंही नाही.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ती मागून ढकलणारी खरीच होती."

"काका, मला काहीतरी बोला."

"काय बोलू, मॅडम? गाडी तुम्ही बरी केली, तुम्हीच आजारी पाडता. मी मधी नुसता भोंगा वाजवणारा." ते थोरलीत चढले. "चला. जोवर हिच्यात दम आहे, तोवर कॅन पोचवू."

थोरली जात राहिली आणि दर खेपेला तिचा दम कमी होत गेला. चढणीला ती पुन्हा कण्हू लागली. काका पुन्हा "चल माय, चल" म्हणू लागले, पण आता शर्वरीकडे न पाहता. पिंपळझरीच्या फलाटावर कॅन घ्यायला कोणी यायचं नाही. शर्वरी ते दोन्ही हातांत उचलून शेडपर्यंत न्यायची, ओतायची, मग धाकलीचं तेल तापवत, इंजिन हाताने फिरवत बसायची. इंदूताई अंगणात असली, तर पाठ करून असायची. एकदा उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला दिसला. तो आपल्यासाठी होता की सहज राहिला होता, हे शर्वरीला ठरवता आलं नाही, आणि तिने पाणी प्यायलं नाही.

शेवटची खेप थोरलीला झेपली नाही. ते कॅन शर्वरीने जीपने आणले.

लग्नाच्या दिवशी शेडपुढे मांडव होता. मंजिरी हिरव्या शालूत धाकलीत चढली, पहिल्या बाकावर बसली. शर्वरी इंजिनापाशी होती. ते काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं म्हणून तिला बोलावलं होतं. समोरचे रूळ रिकामे होते. उन्हात ते दूरवर सरळ जाऊन सागांच्या सावलीत बुडत होते. बायांनी फेर धरला:

*थोरलीनं हाक दिली, धाकली गं बोले*
*नवरीच्या डोळ्यांमंदी रूळ झाले ओले*

गाणं तिथे थांबलं. याच जागी समोरून भोंगा यायचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या आला होता. बाया हात हातांत धरून, अर्ध्या पावलावर उभ्या राहिल्या. कोणी खोकलं. वऱ्हाडातल्या कोणी विचारलं, "काय झालं? थांबले का?" शर्वरीने खाली पाहिलं. ती शांतता तिने तयार केली होती, आपल्या हातांनी, कॅनमागून कॅन.

मग मंजिरी आतून म्हणाली, "मावशी, करा सुरू. हाक नसली तर नसली."

शर्वरीने कळ दाबली. धाकली एकदा थरथरली आणि बोलली. खोकली नाही. भरल्या गळ्याने, सलग, हाक आलेली नसताना तिने ओ दिली. पत्रा हादरला, आंब्याची पानं हादरली, बाया रडू लागल्या. पण फेर पुन्हा धरला गेला नाही.

मंजिरी उतरली. रडली, आईच्या गळ्यात पडली, खांद्यावरूनच नवऱ्याला म्हणाली, "पाह्यलं ना, खोट नाही." मग विजेच्या गाडीत बसून गेली. ती गाडी आवाज न करताच वळणाआड गेली.

मांडव रिकामा होत गेला. शर्वरीने इंजिन बंद केलं. साधनं पिशवीत भरली. आता इथे पुन्हा यायचं कारण उरलं नव्हतं. ती शेडबाहेर पडणार तेवढ्यात इंदूताई आत आली. रडून डोळे सुजलेले, केसांत अक्षता अडकलेल्या. ती धाकलीच्या पायरीवर बसली.

"कुठं चालली?"

"सावरटोल्याला. थोरलीला झाकून ठेवायचंय, मग..." मग काय, ते तिला माहीत नव्हतं.

"बस."

शर्वरी खाली जमिनीवर बसली.

"पोट्टी गेली माझी," इंदूताई म्हणाली. "घर खायला उठन आता." तिने पदराने तोंड पुसलं, सावकाश. मग शर्वरीकडे सरळ पाहिलं. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच.

"आता विचार."

शर्वरीला कळलं. तेलाच्या खोट्या गोष्टी किती सहज सांगितल्या होत्या. हे एक खरं वाक्य तोंडातून निघेना. मागणं एवढं जड असतं हे तिला माहीतच नव्हतं. तिने हात जोडले, मग ते नाटकी वाटून सोडले. मग म्हणाली:

"ताई, थोरलीसाठी धाकलीचं लोखंड द्याल का? धाकली पुन्हा बोलणार नाही. कधीच नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर ते नाहीच."

इंदूताईने मागे हात नेला आणि इंजिनाच्या झाकणावर तळवा टेकवला. ते अजून गरम होतं. तिने हात काढला नाही.

"सांगते," ती म्हणाली. "आधी तिला निवू दे."